न प्यालेल्या दारूची शपथ

सोपाननं बैठक बोलावली, ती आबांना न विचारता.

दुपारी आबा खळ्यावरनं घरी आले तर पडवीत सतरंज्या टाकलेल्या, कळशी भरून ठेवलेली, आणि त्यांच्या रोजच्या जागेवर त्यांचा चुलतभाऊ अंबाजी तंबाखू मळत बसलेला. हौशीराम आबांनी देहूरोडच्या डेपोत चौतीस वर्षं काढली. तिथं साहेबसुद्धा आपल्याला विचारून गेट उघडायचा, असं ते अजून सांगतात. आणि आता स्वतःच्या मळवलीच्या घरात थोरला पोरगा त्यांना न विचारता माणसं जमवतो. त्यांनी अंबाजीकडं नुसतं बघितलं. अंबाजी सरकला.

विषय सगळ्यांना माहीत होता. मंगळवारी समर्थचं पुण्यात ऑपरेशन. पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, त्याच्या शेपटाकडं पावट्याच्या दाण्याएवढी गाठ होती, ती काढायची. गाठ एवढीशी, पण ती दिवसरात्र इन्सुलिन सोडत होती आणि पोराच्या रक्तातली साखर खाऊन टाकत होती. झोपेत साखर उतरली तर सकाळी उठेलच असं नाही, असं डॉक्टरबाईंनी तोंडावर सांगितलेलं.

समर्थ म्हणजे धाकट्या आदिनाथचं पोर. आदिनाथ जाऊन सहा वर्षं झाली. समर्थ जन्मला मुलगी म्हणून. एकविसाव्या वर्षी त्यानं घरात सांगितलं की मी मुलगा आहे, आणि पुढच्या वर्षी रीतसर डॉक्टरकडं जाऊन हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. आवाज फुटला, मिशी आली, आधार कार्डावर नाव बदललं. आई सारिका महिनाभर रडली आणि मग एक दिवस तिनंच त्याला आदिनाथचे शर्ट कपाटातनं काढून दिले. सोपान त्याला 'पोर' म्हणायला लागला. पोर आलं, पोर जेवलं. म्हणजे मुलगाही म्हणायला नको आणि मुलगीही. आणि आबांनी दोन वर्षं त्याला हाकच मारली नव्हती.

मारली ती गेल्या वर्षी. आणि तीही दारूवरनं.

झालं होतं असं. समर्थ वराळ्याच्या पुढं गुलाबाच्या पॉलिहाऊसवर सुपरवायझर. फुलं ऊन चढायच्या आत तोडायची असतात, म्हणून हा पाचला उपाशीपोटी गाडी काढून जायचा. आणि मग कुणी ना कुणी येऊन सांगायचं, तुमचा समर्थ सकाळी सकाळी झोकांड्या देत होता. घामाघूम होता. काहीतरी भलतंच बोलत होता. एकदा कामशेतच्या अलीकडं गाडीसकट शेतात गेला. घरात सगळे म्हणाले, लागली दारू. पॉलिहाऊसवरची पोरं तसलीच. समर्थ सांगून थकला की मी पीत नाही. दोन डॉक्टर झाले. त्या दोघांनी इंजेक्शनं चालू आहेत एवढं ऐकलं आणि पुढं काही तपासलंच नाही. ती बंद करा, मग या, म्हणाले.

मग आबांनी आपल्या पद्धतीनं निकाल लावायचं ठरवलं. भावकीतले गडी भैरवनाथाच्या देवळात बसवले, ताटात बेल आणि भंडारा ठेवला, आणि सकाळी सात वाजता समर्थला उभा केला. म्हण, आजपास्नं दारूला शिवणार न्हाई. पोराचा हात लटलट कापत होता. अंबाजी म्हणाला, बघा, आत्ता बी पिऊन आलंय. समर्थनं एकदा सगळ्या गड्यांकडं बघितलं, आणि मान खाली घालून बेल-भंडारा उचलला. शपथ घेतली. आबांनी त्याच्या तोंडात मूठभर गूळ-खोबरं कोंबलं.

दहा मिनिटांत पोराचा कापरा थांबला. घाम सुकला. डोळे स्वच्छ झाले. देवळात सगळ्यांच्या अंगावर काटा.

त्यानंतर आबांचा भाव काय वाढला. ते ज्याला त्याला सांगायचे, माझ्या नातवानं माझ्या हातनं भंडारा उचलला आन धा मिन्टात उतरली. नातवानं. तोंडातनं पहिल्यांदा तो शब्द निघाला आणि मग निघतच राहिला. लांबलांबची माणसं आपापले बेवडे घेऊन आबांकडं यायला लागली. अंबाजीनंही स्वतःचा जावई आणला. समर्थचे झटके थांबले नव्हते, पण दर वेळी नंदाबाई, सोपानची बायको, गुळाचा खडा द्यायची आणि तो सावरायचा. आबा म्हणायचे, शपथ कमी पडतीय, आणखी एकदा घेऊ.

शेवटी त्याला पुण्याला त्याच्या हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडं नेला. आबाही सोबत गेले. बाईंनी त्याला ॲडमिट करून उपाशी ठेवला. बहात्तर तास ठेवून बघणार होत्या, पण चौदाव्या तासालाच साखर छत्तीसवर आली. त्यांनी विचारलं, याआधी असं झालं की काय दिल्यावर बरं वाटायचं? आबांनी छाती पुढं काढून भंडाऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. बाईंचं पेन थांबलं.

"आबा," त्या म्हणाल्या, "भंडारा नाही हो. गूळ."

त्याला आता बारा दिवस झाले होते. गाठीचं घरात सगळ्यांना कळलं, पण ते झटके दारूचे नव्हतेच, ही गोष्ट आबांनी कुणालाच सांगितली नव्हती.

सोपान रेल्वेत गँगमन. तो बोलतो सावकाश, एकेक स्लीपर टाकल्यासारखं. तो वाईट माणूस नाही. आदिनाथ गेल्यावर सारिकेच्या वाटणीचा भात त्यानंच लावला आणि त्यानंच काढला. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं आणि सुरुवात केली. आपल्या घरात असली गाठ कुणाला झाली नाही. या पोरालाच का? तर तीन वर्षं अंगात सुया टोचतंय म्हणून. दोन डॉक्टर तेच म्हणाले होते. तेव्हा सहा महिने इंजेक्शनं बंद करायची. गाठ आपोआप बसली तर चिरफाड करायची गरजच नाही.

"सिग्नल मिळाल्याबिगर गाडी सोडायची न्हाई," तो म्हणाला. "एवढंच म्हणणं हाय माझं."

अंबाजीनं मान हलवली. सोपानचा पोरगा सत्यम लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो. तो भिंतीला टेकून उभा होता. बापापुढं तो सहसा बोलत नाही. तरी म्हणाला, की पप्पा, डॉक्टर थांबू नका म्हणतायत. सोपाननं त्याला विचारलं, तू डॉक्टर झाला का? सत्यम जागचा हलला नाही.

आबांना वाटलं, आता सारिका बोलेल. तीन वर्षं पोराच्या मागं तीच उभी होती. ती बोललीही, पण भलतंच.

"भाऊजी म्हणतात तसं करू," ती समर्थला म्हणाली. "तुझं नाव राहू दे, मिशी राहू दे. मी कधी काय म्हणलं का? पण सुई बंद कर. सहा महिने. मला तुझ्या पप्पासारखं तुला न्यायचं न्हाई रे."

समर्थ उंबऱ्यावर बसला होता. वर्षभर भूक भूक करून गोड खाल्ल्यानं त्याचं तोंड सुजल्यासारखं झालं होतं. तो आईकडं बघत राहिला. सोपान बोलला त्याचं त्याला काही वाटलं नसेल, पण आई पलीकडं गेली हे त्याला लागलं, ते आबांना दिसलं.

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय का?" तो म्हणाला. "नाही. मग तुम्ही का सांगताय? मिशीला घाबरताय का गाठीला?"

"आमी तुला वाचवाय बघतोय," सोपान म्हणाला.

"तुम्हाला जी वाचवायचीय ना तात्या, ती मी नाहीये. सुई बंद करायची अट असेल तर मी मंगळवारी जातच नाही. राहू दे ती गाठ."

 आबांना वाटलं आता बोलावं. डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं त्यांच्याकडं होतं, शब्दन् शब्द. पण ते सांगायचं तर भंडाऱ्याचंही सांगावं लागणार. आणि समोर अंबाजी. उद्या आख्ख्या मावळात होईल की हौशीरामनं आजारी पोराला देवळात उभं करून बेवडा ठरवला.  चौऱ्याहत्तर वर्षांत आबा कुणाला चुकलो म्हणाले नव्हते. बायकोलाही नाही.

समर्थ उठायला गेला आणि चौकट धरून थांबला. कपाळावर घाम डवरला होता. बैठकीच्या टेन्शननं तो दुपारी जेवलाच नव्हता. सारिकेनं विचारलं, काय होतंय रे? तो म्हणाला, "फुलं मोजायची राहिलीत, वीस वीसचे गठ्ठे करा," आणि हसला. डोळे कुठंतरी लांब लागलेले.

अंबाजीनं तंबाखूची पिंक टाकली. "घ्या. परत लावून आलंय. शपथ बी पचवली ह्यानं."

आबा उठले. सोपान नंतर सांगायचा, की म्हातारा एवढ्या झटक्यानं उठलेला मी कधी बघितला नव्हता.

"अंब्या, तोंड बंद ठेव. सत्यम, ती साखर बघायची मशीन आण. नंदा, साखरंचं पाणी कर. पाणी कमी, साखर लय."

सत्यमनं समर्थला धरून खाली बसवलं, बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. मशीननं आकडा दाखवला. एक्केचाळीस. सत्यमनं तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि मशीन बापाच्या हातात दिली. नंदाबाई पेला घेऊन आली. घोट घोट पाणी आत गेलं.  आबांनी मनगटावरचं घड्याळ काढून सतरंजीवर सगळ्यांच्या मध्ये ठेवलं.

"बघा," ते म्हणाले. "धा मिन्टं बघा नुसतं."

ती दहा मिनिटं कुणालाच सरता सरेनात. सारिका पोराचं तोंड पदरानं पुसत होती. हळूहळू कापरा थांबला. समर्थनं आईचा हात बाजूला केला, इकडंतिकडं बघितलं, आणि लाजल्यासारखा म्हणाला, "काय बोललो का मी?"

"फुलं मोजत होता," सत्यम म्हणाला. "आमाला कामाला लावत होता."

अंबाजीची तंबाखू हातातच राहिली होती. त्यानंही देवळातली ती सकाळ बघितली होती. आबा त्याच्याकडं बघूनच बोलले, बाकी कुणाकडं बघणं त्यांना जमणार नव्हतं.

"देवळात भंडाऱ्यानं काय झालं न्हवतं. गुळानं झालतं. हे पोर कधी प्यालंच न्हाई. म्या वरीसभर गावाला खोटं सांगितलं. मला ठावं न्हवतं, पर सांगितलं. ह्याचं वरीस माझ्यामुळं गेलं. चुकलं माझं."

मग त्यांनी डॉक्टरबाईंचं बोलणं सांगितलं, जसं ऐकलं तसं. इंजेक्शनमुळं गाठ झाली असं म्हणता येत नाही. नाहीच झाली असंही त्या छातीठोक सांगणार नाहीत, कारण अशा पेशंटांचा अभ्यासच जगात थोडा झालाय. पण असली गाठ कधीच इंजेक्शन न घेतलेल्यांनाही होते, आणि सुई बंद केली म्हणून ती बसत नाही. ती काढावीच लागते. सुईचं काय करायचं ते त्या आणि सर्जन मिळून बघतील, घरच्यांनी त्यात पडू नये.

सोपान मशीनकडं बघत बसला होता. त्याला एकच गोष्ट सुटत नव्हती, ती त्यानं विचारली. पोर प्यायलं नव्हतं, तर मग त्यानं एवढ्या माणसांत शपथ का घेतली? भांडायचं होतं. ताट लाथाडायचं होतं.

समर्थनं पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं.

"आबा, आपल्यात बाईमाणसाला कधी देवळात उभी करून दारूचा भंडारा उचलायला लावलाय का?"

आबा म्हणाले, न्हाई. गड्यांनाच.

"मग. तुम्ही गड्यांच्या रांगेत मला उभा केला. सगळ्यांसमोर म्हणाला, आदिनाथचा पोरगा हाय, सुधरंल. पोरगा म्हणाला तुम्ही. मला चक्कर येत होती, समोर दोन दोन आबा दिसत होते. पण ते ऐकू आलं. म्हणलं, याच्यासाठी बेवडा तर बेवडा."

नंदाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. सारिका उंबऱ्यावर पोराच्या शेजारी जाऊन बसली, अगदी खेटून. परत या बाजूला आली हे सांगायला तिला तेवढं पुरलं.  आबांना शरम वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्या वरनं दुसरंच काहीतरी चढून येत होतं. या पोरानं उभ्या भावकीचा आरोप अंगावर घेतला होता, हूं की चूं न करता. असलं काळीज आपल्या रक्तात आहे, हे आबांना बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ते खाकरले. म्हणाले, उद्या देवळात जाऊ, माणसं बोलवू, ती शपथ उतरवू. खोटी शपथ अंगावर घेऊन ऑपरेशनला जायचं नाही.

"राहू द्या आबा," समर्थ म्हणाला. "ती माझी आहे. आणि तशीही मी पीत नाही."

पहिला सत्यम हसला. मग सारिका. मग अंबाजीसुद्धा. आणि बैठक उठली, सोपाननं हो किंवा नाही काहीच न म्हणता.

मंगळवारी सोपान आला नाही. ड्यूटी आहे म्हणाला. सत्यमनं पहाटे गाडी काढली. समर्थ पुढं, आबा आणि सारिका मागं. दवाखान्यात उपाशी ठेवतात म्हणून त्याला आदल्या दिवशीच ॲडमिट करून साखरेची सलाईन लावणार होते, पण हा शेवटचा दिवस घरी काढतो म्हणून अडून बसलेला. म्हणून वाटभर सत्यम दर अर्ध्या तासाला गाडी थांबवून बोटाला सुई टोचत होता आणि डॉक्टरांनी सांगितलेलं साखरेचं पाणी मोजून देत होता. खिडकीवरच्या माणसानं फॉर्म दिला तेव्हा समर्थनं सही स्वतः केली. नातेवाईक म्हणून आबांनी केली, मराठीत, पूर्ण नाव, रेघेच्या बाहेर जाईल एवढं मोठं.

मग बाक. साडेनऊ ते दोन. सारिका जपमाळ ओढत होती. आबा उगाच भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते.

दोन वाजून गेल्यावर सर्जन बाहेर आले. गाठ निघाली, म्हणाले. पूर्ण निघाली. तपासायला पाठवलीय, आठ दिवसांनी रिपोर्ट येईल, तोवर खात्रीनं सगळं बोलणार नाही. पण एक चांगली खूण आहे. गाठ काढल्यावर तासाभरात साखर आपोआप वर यायला लागली. आत्ता एकशे अडतीस.

सारिकेनं भिंतीला डोकं टेकलं. आबांनी आकडा परत विचारून घेतला. एकशे अडतीस. सहावीत आदिनाथ पहिला आला होता तेव्हा सुद्धा आबांनी मार्क असे पाठ केले नव्हते. त्यांनी तो आकडा आधी वॉर्डबॉयला सांगितला, मग लिफ्टवाल्याला, मग शेजारच्या बाकावरच्या वडगावच्या माणसाला. त्याच्या बायकोला डायबेटिस होता. तो कळवळून म्हणाला, "वाढलीय की हो. भात बंद करा त्यांचा."

"आमचा इंद्रायणी हाय," आबा म्हणाले. "आता तर दोन टायमाला चारणार."

मग त्यांनी सोपानला फोन लावला. दोन रिंगा पुरत्या वाजल्या नाहीत तोवर त्यानं उचलला. मागं लोकलचा आवाज येत होता.

"निघाली गाठ. एकशे अडतीस हाय साखर."

लोकलच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून आबांनी आकडा परत सांगितला. 

"शुद्ध आली का त्याला?" सोपाननं विचारलं.

"येतीय. हाक मारली की डोळं उघडतो, म्हणत्यात."

"कंचा वॉर्ड?"

"पुरुषांचा. तिसरा मजला. का रं?"

"चिंचवड गेलं आत्ता. ड्यूटी बदलून घेतली म्या."  लोकल स्टेशनात शिरत होती, तिचा आवाज बसेपर्यंत तो थांबला. "आबा, तितं दारावर इचारतील. काय सांगू, कोण लागतो म्हणून?"

आबा बाकावरनं उठून उभे राहिले. त्यांची पाठ डेपोच्या गेटवर असायची तशी ताठ झाली होती.

"पुतण्या सांग. समर्थ आदिनाथ. आन जरा मोठ्यानं सांग," ते म्हणाले, "हितं लय गलका असतो."